‘काळजी’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे

दरवर्षी १ नोव्हेंबरला आमच्या बेळगावात दोन मिरवणुका निघतात. एक राज्योत्सवाची, लाल-पिवळ्या पताकांनी नटलेली, ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारून निघणारी. दुसरी आपली, काळ्या दिनाची, दंडाला काळी फीत बांधून चालणारी. आपण सायकली हातात धरून चालत असतो आणि पलीकडच्या रस्त्यावरून येणारी गाणी आपल्याही कानांवर पडत असतात. कान काही सीमा पाळत नाहीत. बहुतेक गाणी चित्रपटांची असतात, येतात आणि विरून जातात. परंतु मध्येच एखादे गाणे असे येते, की पाय चालत राहतात आणि लक्ष तेथेच रेंगाळते. गिटारीचा ठोसर ठेका, वर व्हायोलिनची धावती लकेर, मोकळा, थोडासा राकट पुरुषी आवाज. आणि शब्द दीडशे वर्षांपूर्वीच्या एका खेडवळ संतकवीचे. शब्द शिशुनाळ शरीफ यांचे, आवाज रघू दीक्षित यांचा.

सीमालढ्याच्या या लेखमालेत एका कन्नड गायकाविषयी लिहिण्याचे कारण काय, असे काही वाचक विचारतील. विचारावेच. आमचे उत्तर सोपे आहे. आपला वाद कर्नाटक शासनाच्या सक्तीशी आहे, कन्नड भाषेशी नाही, असे आपण गेली सत्तर वर्षे प्रत्येक सभेत सांगत आलो. हे वाक्य खरे असेल, तर त्या भाषेत जे चांगले घडते ते पाहण्याची आणि त्यातून शिकण्याची आपली तयारी असली पाहिजे. आणि रघू दीक्षित यांच्या कारकिर्दीत आपण शिकावे असे पुष्कळ आहे.

आधी माणसाविषयी. आडनाव दीक्षित, जन्म १९७४ सालचा, तोही नाशिकचा. एवढे ऐकले की आपल्यापैकी कोणीही ‘म्हणजे आपलाच की’ असे म्हणून मोकळा होईल. परंतु ते मराठी नव्हेत. घर तमिळ भाषकांचे, बालपण आणि शिक्षण म्हैसूरचे. भरतनाट्यमचे रीतसर शिक्षण घेतलेले, सूक्ष्मजीवशास्त्रात सुवर्णपदक मिळवून पदव्युत्तर झालेले. गिटार हाती आली ती एका पैजेपायी: नृत्य करणे हे पुरुषाचे काम नव्हे, असे एका सहाध्यायाने हिणवले आणि त्याला उत्तर म्हणून हा मुलगा गिटार शिकला, ही हकीकत त्यांनी अनेकदा सांगितली आहे. पुढे बेल्जियममध्ये औषधनिर्मितीच्या क्षेत्रात नोकरी झाली. ती सोडून ते परतले, बंगळूरमध्ये ‘अंतराग्नि’ हा वाद्यवृंद उभा केला. तो मोडल्यावर २००५ च्या सुमारास ‘द रघू दीक्षित प्रोजेक्ट’ या नावाने नवी जुळवाजुळव केली. वादक येतील, जातील, गाणे चालू राहील, अशी ती मोकळी रचना होती.

या काळात त्यांची गाणी घेऊन ध्वनिमुद्रिका काढायला कोणतीही मोठी कंपनी तयार नव्हती. कारण उघड होते. एका गाण्यात कन्नड, दुसऱ्यात हिंदी, तिसऱ्यात इंग्रजी. चित्रपट नाही, नट नाही, नटी नाही. लुंगी नेसून पायांत घुंगरू बांधलेला एक माणूस गिटार घेऊन गातो आहे. हा माल कोणत्या फळीवर ठेवायचा, असा प्रश्न व्यापाऱ्याला पडणारच. अखेर विशाल-शेखर या संगीतकार जोडीने मुंबईत त्यांचे गाणे ऐकले आणि आपल्या नव्या संस्थेतर्फे पहिला संग्रह प्रसिद्ध केला. साल २००८. त्या संग्रहात ‘मैसूर से आई’, ‘हे भगवान’, ‘अंबर’, ‘खिडकी’ ही हिंदी गाणी होती आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून शरीफांची दोन कन्नड पदे बसली होती: ‘गुडुगुडिय सेदि नोडो’ आणि ‘सोरुतिहुदु मनिय माळिगी’.

पुढचा प्रवास वेगाने झाला. २०१० मध्ये ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवरील जूल्स हॉलंड यांच्या नामांकित कार्यक्रमात त्यांनी गाणे सादर केले. २०११ मध्ये ग्लास्टनबरीच्या महोत्सवात ते गायले आणि त्याच वर्षी ‘साँगलाइन्स’ या जागतिक संगीताला वाहिलेल्या नियतकालिकाचा नवोदितांसाठीचा पुरस्कार त्यांना मिळाला. २०१३ मध्ये ‘जग चंगा’ हा दुसरा संग्रह आला. त्यातही शरीफ होतेच: ‘लोकद काळजी’ आणि ‘कोडगन कोळि नुंगित्ता’. मधल्या काळात कन्नड आणि हिंदी चित्रपटांना त्यांनी संगीत दिले, त्याविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही. चित्रपट हे पोटाचे साधन होते. ओळख झाली ती या दोन संग्रहांनी आणि गावोगावच्या, देशोदेशीच्या प्रत्यक्ष मैफलींनी.

एक गोष्ट लपवून पुढे जाणे योग्य नव्हे. २०१८ मध्ये काही स्त्रियांनी त्यांच्या वर्तनाविषयी तक्रारी मांडल्या, आणि त्यांपैकी एका प्रसंगाबाबत त्यांनी जाहीरपणे चूक मान्य करून क्षमा मागितली. गाणे चांगले म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही. आम्ही येथे लिहितो आहोत ते त्यांच्या कामाविषयी आणि त्या कामाने एका भाषेचे काय झाले याविषयी. कोणाची मूर्ती बसवण्याचा आमचा हेतू नाही.

आता शरीफांकडे वळू, कारण या साऱ्या प्रकरणाचा कणा तेच आहेत. शिशुनाळ हे आजच्या हावेरी जिल्ह्यातील एक लहानसे गाव. १८१९ ते १८८९ हा शरीफांचा काळ. जन्माने मुसलमान, गावच्या शाळेत काही काळ शिक्षक, आणि गुरू म्हणून मानले ते कळसचे गोविंद भट्ट यांना. ब्राह्मण गुरूने मुसलमान शिष्याला जवळ केले म्हणून दोन्ही समाजांनी दोघांवरही राग धरला, आणि दोघांनीही त्याची पर्वा केली नाही, असे त्या भागातील लोक आजही सांगतात. शरीफांची पदे धारवाडकडच्या रांगड्या बोलीत आहेत. हुक्का, गळके छप्पर, कोंबडी, सुगी, बाजार असे रोजच्या जगण्यातले विषय घ्यायचे आणि त्यातून अध्यात्म सांगायचे, ही त्यांची रीत.

आमच्या वाचकांना ही रीत ओळखीची वाटेल. वाटलीच पाहिजे. नाथांच्या भारुडात विंचू येतो, जोशी येतो, वासुदेव येतो. बोलणे बाजारातले आणि सांगणे परमार्थाचे. शरीफांच्या ‘कोडगन कोळि नुंगित्ता’ या पदात कोंबडीने माकड गिळल्याचे वर्णन आहे. आपल्या मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडते आणि सूर्यालाच गिळून टाकते. जन्माने वेगळ्या धर्माच्या संताने दुसऱ्या परंपरेत मुरावे, हेही आपल्याकडे नवे नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे ‘योगसंग्रामा’चे कर्ते, वारकरी परंपरेने आपले मानलेले. त्यांचे गुरू चांद बोधले. आणि परंपरा असे सांगते, की हेच सूफी चांद बोधले एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू. तिकडे गुरू ब्राह्मण आणि शिष्य मुसलमान. इकडे गुरू सूफी आणि शिष्य देशस्थ ब्राह्मण. कृष्णा आणि मलप्रभा या नद्यांच्या आसपासची माती एकाच प्रकारचे पीक देत आली आहे, भाषा मात्र दोन.

भाषा दोन, आणि तरीही शब्दांची देवघेव किती सहज. ‘गुडुगुडी’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ‘लोकद काळजी’ या शीर्षकातील ‘काळजी’ तर आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. जगाची काळजी वाहणाऱ्याला शरीफ कानपिचक्या देतात, आणि ते ऐकताना बेळगावच्या मराठी माणसाला भाषांतराची गरज पडत नाही. आपण थोरल्या बहिणीला अक्का म्हणतो, भावाला अण्णा म्हणतो, सुपारी अडकित्त्याने कातरतो, भातावर तूप घेतो, तेव्हा कन्नडच बोलत असतो. ज्ञानदेवांनी पंढरीच्या विठ्ठलाला कानडा म्हटले आणि डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात त्या नात्याची पाळेमुळे शोधली. हे सारे आपण भाषणांत सांगतो. परंतु त्याचा उपयोग बहुधा समोरच्याला गप्प करण्यासाठी करतो, स्वतः काही शिकण्यासाठी क्वचितच.

शिकायचे काय? शरीफांची पदे दोनशे वर्षांच्या आत तीन वेळा नवी झाली. आधी ती गावोगावच्या भजनी मेळ्यांनी तोंडोतोंडी जपली. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सी. अश्वत्थ यांनी त्यांना भावगीताच्या चालीत बांधले. १९९० मध्ये टी. एस. नागाभरण यांनी शरीफांच्या चरित्रावर चित्रपट केला, त्याचेही संगीत अश्वत्थ यांचेच होते, आणि ही पदे घराघरांत पोचली. त्यानंतर रघू दीक्षित आले आणि त्यांनी तीच पदे गिटारीवर घेतली. प्रत्येक वेळी जुन्या मंडळींनी नाके मुरडली असतील. भजनी मेळ्यातल्या वृद्धाला भावगीत गुळमुळीत वाटले असेल, भावगीताच्या चाहत्याला हा रॉकचा दणदणाट असह्य झाला असेल. तरी पद टिकले. आज बंगळूरच्या संगणक कंपनीत काम करणारा, कन्नड वाचताना अडखळणारा तरुण शरीफांचे पद तोंडपाठ म्हणतो. एवढे काम एखाद्या शासकीय परिपत्रकाने झाले असते काय?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो आहोत. कर्नाटकाने २०२४ मध्ये दुकानांच्या आणि आस्थापनांच्या फलकांवर ६० टक्के जागा कन्नडला देण्याची सक्ती केली. आपले फलक उतरले, आपण निषेध केला, तो योग्यच होता. परंतु त्या ६० टक्क्यांनी कन्नड भाषेवर प्रेम करणारा एक तरी नवा माणूस घडवला असेल, असे आम्हांस वाटत नाही. उलट, तमिळ घरात वाढलेल्या, नाशकात जन्मलेल्या एका माणसाने कोणाच्याही सक्तीवाचून कन्नड पदे उचलली आणि ती समुद्रापार नेली. ज्यांना कन्नडची खरी काळजी आहे त्यांनी या दोन मार्गांची तुलना करावी. आणि ज्यांना मराठीची काळजी आहे त्यांनीही करावी, कारण मुंबईत मराठी फलकांची सक्ती झाली तेव्हा आपणही टाळ्या वाजवल्या होत्या.

भाषा ही जन्माच्या दाखल्यावर ठरत नाही, हेही या कारकिर्दीने पुन्हा दाखवले. पुन्हा म्हणण्याचे कारण, आपल्या सीमाभागाने हे पूर्वी अनेकदा पाहिले आहे. कन्नडचे महाकवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी; ‘नाकु तंति’ या काव्यसंग्रहासाठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला तो कन्नड कवी म्हणून. उलट बाजूने पाहा: गदगचे भीमसेन जोशी कन्नड घरातले, आणि त्यांच्या ‘संतवाणी’ने तुकोबांचे अभंग जेथे पोचवले तेथवर ते आधी कोणी पोचवले नव्हते. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकली कुमार गंधर्व झाले, देवासला स्थायिक झाले आणि माळव्याच्या लोकगीतांना त्यांनी संगीताच्या दरबारात बसवले. इंदूर-देवासच्या मराठी वाचकांना हे सांगायला नको. ज्याने भाषा गायली तिची ती झाली, असाच आपल्या भूमीचा इतिहास आहे.

आता थोडे स्वतःकडे पाहू. आपल्या चळवळीला एके काळी गाण्यांचे बळ होते. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न डफावर मांडला. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना’ या छक्कडीतील विरहात बेळगाव, कारवार, निपाणीची ताटातूट होती. ते गाणे लोकांच्या ओठांवर होते, कारण त्यात घोषणेच्या आधी हुरहुर होती. आज आपल्या मेळाव्यांत काय वाजते? तीच सत्तर वर्षांपूर्वीची गाणी, आणि ती संपल्यावर चित्रपटातील स्फूर्तिगीते. सीमाभागात जन्मलेल्या, येथेच वाढलेल्या, आपल्या बोलीत आपले दुःख आणि आपला आनंद गाणाऱ्या तरुणाचे नवे गाणे आम्ही गेल्या कित्येक वर्षांत व्यासपीठावरून ऐकलेले नाही. असे तरुण नाहीत काय? आहेत. ते आपल्या खोलीत बसून इंग्रजी आणि हिंदी गाणी वाजवतात, कारण मराठी गाणे म्हणजे एक तर गणेशोत्सवाचे, नाहीतर आंदोलनाचे, अशी त्यांची समजूत आपणच करून दिली आहे.

यावर दोन आक्षेप येतील, त्यांना उत्तर देतो. पहिला: हा प्रश्न राजकीय आणि न्यायालयीन आहे, गाण्याने न्याय मिळत नाही. खरे आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा गाण्याने निकाली निघणार नाही. परंतु न्याय मिळेल त्या दिवशी तो घ्यायला येथे मराठी बोलणारा माणूस शिल्लक असला पाहिजे. १९५६ मध्ये जन्मलेली मुले आज आजी-आजोबा आहेत. त्यांची नातवंडे घरात मराठी ऐकतात, शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकतात, भ्रमणध्वनीवर हिंदी पाहतात. त्यांच्या मनात मराठीला जागा राहील ती कागदपत्रांमुळे राहणार नाही. जी भाषा एकांतात गुणगुणावीशी वाटते तीच पुढच्या पिढीला दिली जाते.

दुसरा आक्षेप: महाराष्ट्रात असे प्रयोग होतच आहेत. होय, ‘अभंग रिपोस्ट’सारख्या वाद्यवृंदांनी अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीने गायले आहेत; मुंबईच्या नभोवाणी वाहिन्यांवर मराठी गाणे वाजत नाही या चिडीतून कौशल इनामदार यांनी सुरेश भटांच्या कवितेवर ‘मराठी अभिमानगीत’ उभे केले, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले, लोकवर्गणीतून. या कामांचा आम्हांस आदर आहे. परंतु ते मुंबई-पुण्याचे काम आहे. बेळगावचे, बिदर-भालकीचे, कारवारचे, गोव्याचे, बडोद्याचे, ग्वाल्हेरचे, हैदराबादचे मराठी वेगळे आहे, त्याची लय वेगळी आहे, आणि ते आपल्याशिवाय कोणी गाणार नाही. शरीफांची कन्नड पाठ्यपुस्तकी नव्हती. धारवाडकडची होती, म्हणून ती टिकली. आपल्या बेळगावी मराठीला पुण्याची माणसे हसतात, आणि आपणही लाजून ती घरात ठेवून बाहेर पडतो. गाण्यात मात्र तिची खरी किंमत कळेल.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत, आणि त्यांना शासनाच्या परवानगीची गरज नाही. कडोली, उचगाव यांसारख्या आपल्या ग्रामीण साहित्य संमेलनांत दरवर्षी एक तास नव्या गाणाऱ्यांना द्यावा; अध्यक्षीय भाषण तेवढे आखडते घेतले तरी कोणाची तक्रार येणार नाही. खानापूर, निपाणी, बिदर भागांतील वृद्ध भजनकऱ्यांच्या, भारूडकऱ्यांच्या चाली ध्वनिमुद्रित करून तरुणांच्या हाती द्याव्यात. आज हे काम खिशातल्या यंत्रावर होते, उद्या त्या चाली सांगणारे उरणार नाहीत. आणि एखाद्या मुलाने शेख महंमदांचे पद किंवा नाथांचे भारूड गिटारीवर घेतले, तर त्याच्या सुरांतील चुका त्याला एकांतात सांगाव्यात, चारचौघांत त्याची पाठ थोपटावी.

पुढच्या १ नोव्हेंबरलाही आम्ही काळी फीत बांधूनच चालणार आहोत. पलीकडून शरीफांचे पद ऐकू आले तर आम्ही कान झाकणार नाही. फक्त आपल्या बाजूनेही एखादे नवे गाणे उठावे, असे की पलीकडच्या मिरवणुकीतल्या एखाद्या कन्नड तरुणाचे पाय क्षणभर अडखळावेत आणि त्याने शेजाऱ्याला विचारावे, हे कोणाचे आहे? त्याला अर्थ फारसा सांगावा लागणार नाही. निम्मे शब्द त्याच्या ओळखीचेच असतील.